डबे शोधणारे गृहस्थ : इंदूरचं एक प्रकरण

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे आलेलं हे प्रकरण लिहायला संबंधित गृहस्थांची आणि त्यांच्या पत्नीची संमती आहे. ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा आणि काही जागा बदलल्या आहेत. छंद हाताबाहेर गेला की घरचे आधी छंदावरच घाव घालतात. फोन काढून घेतात, गाडीची किल्ली लपवतात, आईची शपथ घालतात. या घरातही तेच झालं आणि प्रकरण आणखी चिघळलं. या गृहस्थांचं दुखणं डबे शोधण्यात नव्हतं, सापडलेले मोजण्यात होतं. हे लक्षात यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात घर पार थकून जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गृहस्थ चाळिशीतले. पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी, सुदामा नगरात घर. घरात आई, शाळेत शिकवणारी पत्नी आणि नववीतली मुलगी. आजोबांच्या काळापासून घराणं इंदुरात. घरात मराठी, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांची वर्गणी, गणपतीत दहा दिवस पाहुण्यांची वर्दळ, रविवारी बाहेरून पोहे-जलेबी. व्यसन कसलंच नाही. पत्नी पहिल्या भेटीत म्हणाली, "ताई, ह्यांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. म्हणून तर मला कुणाला सांगताच येत नाही. डबे शोधतात म्हटलं तर लोक हसतात."

तर हे डबे. आपल्याकडे हा खेळ अजून फारसा माहीत नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पूर्वी सामान्य लोकांना मुद्दाम चुकीचा संदेश देत. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला क्लिंटन सरकारने ही अडवणूक बंद केली आणि एका रात्रीत साध्या यंत्रावरही जागा काही मीटरपर्यंत नेमकी कळू लागली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या रानात एक बादली ठेवली, तिच्यात काही वस्तू आणि एक वही टाकली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. महिना संपायच्या आत खेळाला जिओकॅशिंग हे नाव पडलं, सप्टेंबरमध्ये त्याची वेबसाइट आली. आज जगभर तीस लाखांच्या आसपास डबे आहेत. काही जेवणाच्या डब्याएवढे, काही पेनाच्या टोपणाएवढे, लोहचुंबकाने कठड्याला चिकटवलेले. प्रत्येकाला काठिण्याचे दोन आकडे असतात, एक शोधण्याचा आणि एक वाटेचा, दोन्ही एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या पायऱ्यांनी. डब्यातल्या कागदावर सही केली की सापडला. मग वेबसाइटवर नोंद करायची, आणि नकाशावर त्या जागी हसरा चेहरा उमटतो.

खेळ निरोगी आहे, हे मी मनापासून लिहिते. माणसं चालतात, अनोळखी जागा बघतात, मुलांना नकाशा वाचायला शिकवतात. पुढचं वाचताना ते विसरू नये.

कंपनीने या गृहस्थांना सहा महिने जर्मनीत पाठवलं, श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात. अमेरिकेखालोखाल सगळ्यात जास्त डबे जर्मनीत आहेत. गावात भाषा येईना, रविवारी दुकानं बंद, खोलीत एकटेपणा. तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या फोनवर हे अ‍ॅप घालून दिलं. खोलीपासून कामापर्यंतच्या वाटेवरच कितीतरी डबे निघाले. ते रोज एक शोधू लागले. एका रविवारी रानात एका निवृत्त गृहस्थाशी गाठ पडली. तो डबा त्यांचाच होता. त्यांनी यांना घरी नेलं, कॉफी पाजली, जवळच्या टेकडीवरची जुनी दगडखाण दाखवली. हे सांगताना आमच्या गृहस्थांचा चेहरा उजळला. पत्नी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, हे तर मला आजपर्यंत सांगितलंच नव्हतं.

वेबसाइट प्रत्येक खेळाडूचा हिशेब ठेवते. एकूण किती सापडले, सलग किती दिवस सापडले, काठिण्याच्या एक्क्याऐंशी जोड्यांपैकी कुठल्या झाल्या, वर्षाच्या ३६६ तारखांपैकी कुठल्या तारखेला कधीच काही सापडलं नाही. हे सगळं रंगीत चौकोनांत दिसतं. रिकामा चौकोन डोळ्यांत खुपतो. गुणवत्ता विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला तर फारच खुपतो.

परत आले तेव्हा सलग दिवसांची त्यांची माळ शंभरावर गेली होती. आणि इकडे, पीथमपूरला, त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता. कुणी अपमान केला नाही, पगार कापला नाही. फक्त विभाग त्यांच्याहून सात वर्षांनी लहान माणसाकडे गेला आणि यांना एका 'विशेष प्रकल्पा'वर टाकलं, ज्यात दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. घरी हे त्यांनी सांगितलं नाही. पत्नीला वाटत राहिलं की परदेशातून आलेला माणूस बदलला. काय बदललं ते तिला कळायला मार्गच नव्हता.

इंदूर आणि आसपास डबे मोजकेच. विमानतळावरून घरी येण्याआधी त्यांनी टॅक्सी वळवून त्यांतला एक गाठला, माळ तुटू नये म्हणून. आई ओवाळायला ताट घेऊन दारात उभी होती. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जवळचे सगळे संपले. मग उज्जैन, भोपाळ. मग रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस पकडून मुंबई, दिवसभर भटकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. आजारपणाच्या रजा अशा संपल्या. घरच्यांची अटकळ होती की इथे डबेच नाहीत तर खूळ आपोआप उतरेल. उलट झालं, आणि ते अगदी अपेक्षित होतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत : टोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर सर्वांत चिकाटीने टोचत राहतं. नवा डबा केव्हा जाहीर होईल याचा नेम नाही, म्हणून फोन दर दहा मिनिटांनी हातात. सगळ्यात आधी गाठणाऱ्याचा मान वेगळा असतो, म्हणून रात्री दोनलाही.

रात्रीचं आणखी एक होतं. काही डब्यांची जागा थेट दिलेली नसते. कोडं सोडवलं तर खरे अक्षांश मिळतात. हे गृहस्थ सुदामा नगरात अंथरुणावर बसून श्टुटगार्टच्या आसपासची कोडी सोडवत. जिथे पुन्हा पाऊल पडण्याची शाश्वती नाही अशा जागांचे आकडे वहीत उतरवत. पत्नीला मध्यरात्री जाग आली की भिंतीवर फोनचा निळा उजेड दिसायचा.

मग त्यांनी स्वतःच डबे ठेवायला सुरुवात केली. एक बागेच्या कठड्याला, एक रस्त्याच्या कडेच्या झाडाच्या ढोलीत. हे शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते उगाच नाही. रात्री झाडणारी माणसं कठड्याचा कोपरा न् कोपरा बघतात. डबा सकाळपर्यंत गेलेला असायचा. एकदा असाच डबा गेला, तर हे पहाटे कचरा जिथे मोठ्या गाड्यांत भरतात त्या केंद्रावर पोचले. तिथल्या मुकादमाने विचारलं, काय हरवलं, सोनं का? यांनी सांगितलं, पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी, आत कागदाची सुरळी. त्या भल्या माणसाने दोन बायकांना सांगून सुक्या कचऱ्याचा ढीग उपसायला लावला. तासभर हे तिघं-चौघं त्या ढिगात हात घालून होते. नंतर आमच्या बैठकीत गृहस्थ म्हणाले की त्या बायकांपैकी एक सारखी विचारत होती, "भैया, कागद में जरूरी क्या लिखा है?" आणि आपल्याला उत्तर देता येईना. त्या कागदावर अजून एकही सही नव्हती.

पत्नीला खरा धक्का बसला तो पावसाळ्यात. चोरल भागातल्या एका ओढ्याशी ते मुलीला घेऊन गेले. सुट्टी होती, मुलगी हौसेने गेली. डबा ओढ्यापलीकडच्या खडकांत होता. वर पाऊस सुरू होता, पाणी गढूळ होऊ लागलं होतं, मुलगी नको म्हणत होती. हे तिचा हात धरून पलीकडे गेले. परतताना पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. मालव्याच्या पठाराची ही दक्षिण कड आहे, तिथे ओढे डोळ्यांदेखत फुगतात. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर सहलीला आलेली माणसं अशीच लोंढ्यात वाहून गेली होती. इंदुरातल्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. मुलीने घरी येऊन आजीला सांगितलं, आजीने सुनेला. त्या रात्री फोन काढून घेतला गेला. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पाचव्या दिवशी गृहस्थांनी दुसरा फोन विकत घेतला आणि तो ऑफिसच्या खणात ठेवला. आता खेळ चोरून सुरू झाला, आणि चोरून चालणारी गोष्ट घरच्यांच्या नजरेतून, म्हणजे मदतीच्या टप्प्यातूनही निसटते.

माझ्याकडे ते आले ते मात्र यांतल्या कशामुळेही नाही.

त्यांना जर्मनीहून एक निरोप आला होता, त्याच निवृत्त गृहस्थांचा. अत्यंत सौम्य भाषेत. माझ्या खाणीजवळच्या नव्या डब्यावर तुमची नोंद वाचून आनंद झाला, तुम्ही इकडे येऊन गेलात आणि भेटलात नाही याचं वाईट वाटलं. पण डब्यातला कागद बघितला तर तुमची सही दिसली नाही, काही घोटाळा झाला असावा का? घोटाळा असा होता की सलग दिवसांची माळ इंदुरात केव्हाच तुटली असती. ती जिवंत ठेवायला हे गृहस्थ रात्री सोडवलेल्या कोड्यांचे डबे सापडल्याच्या खोट्या नोंदी करत होते. इथे बसून, तिथल्या तारखा घालून.

या खेळात पंच नसतो. कागदावरची सही हाच एक पुरावा, आणि सही नसेल तर डब्याच्या मालकाला नोंद खोडता येते. बाकी सगळा कारभार विश्वासावर चालतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या खोट्या नोंदी पकडणाऱ्या माणसाने स्वतः खोट्या नोंदी केल्या होत्या, आणि त्याही ज्याने घरी बोलावून कॉफी पाजली त्याच्या डब्यावर. पहिल्या भेटीत ते फार थोडं बोलले. "ताई, घरचे म्हणतात मला वेड लागलंय. ते मला पटत नाही. पण मी खोटारडा झालोय, ते खरं आहे."

निदानाचा भाग थोडक्यात सांगते. आधी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण झोप कमी, खर्च जास्त, भटकंती अफाट ही लक्षणं उन्मादाच्या आजारातही दिसतात. तसं काही निघालं नाही. सौम्य उदासी होती, औषधाची गरज तज्ज्ञांना वाटली नाही. मंत्रचळेपणा (ओसीडी) म्हणावा तर त्यात येणारे विचार माणसाला स्वतःलाच नकोसे असतात; इथे ओढ हवीशी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळण्याच्या विकाराची लक्षणं दिली आहेत : ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला जास्त महत्त्व येणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. ती यादी संगणकावरच्या आणि तशा डिजिटल खेळांसाठी आहे. मी ती समोर ठेवून तिन्ही गोष्टी तपासल्या, पण शिक्का मारला नाही. शिक्का घेऊन घरी गेलेला माणूस तो पुढे वर्षानुवर्षं अंगावर वागवतो.

मला उपयोगी पडली ती कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये मांडलेली विभागणी. आवडीच्या गोष्टीची ओढ दोन प्रकारची असते असं ते म्हणतात. एकीत माणूस ती गोष्ट मनापासून करतो आणि ती बाकीच्या आयुष्याशी भांडत नाही. दुसरीत त्या गोष्टीवर आपली किंमत टांगलेली असते. ती केली नाही तर आपण कुणीच नाही असं वाटतं, म्हणून पाऊस असो, आजारपण असो, करावीच लागते. गोष्ट तीच, माणूसही तोच असू शकतो. मी गृहस्थांना एकच विचारलं : जर्मनीतल्या डब्यांपैकी कोणते आठवतात? ते बराच वेळ सांगत राहिले. खाण, चर्चमागचं झाड, पुलाखालची जागा, तिथे भिजत उभं राहिल्यावर एका बाईने देऊ केलेली छत्री. मग विचारलं, परत आल्यापासूनच्यांपैकी? खूप विचार करून त्यांनी दोन सांगितले. मुंबईत एका दिवसात सही केलेल्या डब्यांपैकी त्यांना एकही आठवला नाही.

हे ऐकून त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. खुर्ची गेल्याचं ते त्याच बैठकीत बोलले. सहा महिने दिवसभर काहीच वाढत नव्हतं, काहीच पूर्ण होत नव्हतं. फक्त हा एक आकडा होता जो रोज एकने पुढे सरकायचा. पत्नीला हे तिथेच पहिल्यांदा कळलं. ती रडली नाही, रागावली. "मला सांगायचं तरी होतं. मी डब्यांशी भांडत बसले." तिचा राग मला फार रास्त वाटला आणि मी तो थांबवला नाही.

खेळ बंद करायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. आईंचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, विषाची परीक्षा कशाला? मी त्यांना सांगितलं की या माणसाला चालायला, नव्या जागा बघायला, अनोळखी माणसाशी बोलायला लावणारी गेल्या दहा वर्षांतली ही एकच गोष्ट आहे. ती काढून घेतली तर त्या जागी काय ठेवणार? त्या गप्प झाल्या, पटलं म्हणून नव्हे, उत्तर नव्हतं म्हणून.

बंद केलं ते मोजणं. नव्या डब्यांच्या सूचना बंद. दुसरा फोन पत्नीच्या हाती न देता त्यांनी स्वतः जाऊन विकला. हा फरक महत्त्वाचा होता, कारण तिला पहारेकरी करायचं नव्हतं. सापडलेल्या डब्याची नोंद वेबसाइटवर लगेच करायची नाही. आधी साध्या वहीत, मराठीत, निदान अर्धं पान : कुठे गेलो, काय दिसलं, कुणाशी बोललो. अर्धं पान भरण्यासारखं काही घडलं नसेल तर नोंदच करायची नाही. रात्री दहानंतर कोडी नाहीत. प्रवासाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला वेगळ्या पाकिटात.

त्याहून अवघड होत्या खोट्या नोंदी. सत्तरच्या आसपास होत्या. त्या त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक करून पुसाव्यात, आणि पुसण्याआधी मोठ्याने वाचाव्यात, असं मी सुचवलं. दोन बैठका त्यात गेल्या. प्रत्येक नोंदीत त्यांनी दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या, कारण नुसतं 'सापडला' लिहिलं तर संशय येतो. सकाळी छान धुकं होतं. बाकावर एक आजोबा बसले होते, म्हणून थोडं थांबावं लागलं. सही केली आणि पाऊस आला. वाचता वाचता ते एका नोंदीपाशी थांबले आणि म्हणाले, "मी धुकंसुद्धा खोटं लिहिलंय." पुढच्या नोंदी वाचताना आवाज बारीक होत गेला, पण वाचल्या सगळ्या. आकडा खाली आला, सलग दिवसांची माळ मधोमध फुटली. चौकोनांचा तक्ता विरळ झाला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग त्यांनी त्या निवृत्त गृहस्थांना पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. उत्तर आठवड्याने आलं, ते त्यांनी मला दाखवलं. त्यात खाणीचा बर्फ पडल्यानंतरचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की डबा अजून तिथेच आहे.

दुसरं काम साधं दिसतं, पण तेच त्यांना जास्त जड गेलं. शोधून डबा मिळाला नाही तर 'सापडला नाही' अशी नोंद करता येते. डब्याच्या मालकाला तिचा उपयोग होतो, डबा हरवला असेल तर कळतं. या गृहस्थांनी आजवर अशी एकही नोंद केली नव्हती. न सापडलेला डबा म्हणजे त्यांच्या लेखी नापास. ठरलं की मुलीला विचारून, ती हो म्हणाली तरच, शहरातल्याच एका जुन्या डब्याकडे जायचं, अर्धा तास शोधायचं, आणि नाही मिळाला तर तसं लिहून घरी यायचं. मुलगी पहिल्यांदा नाही म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात आली. डबा नव्हताच, झाडणाऱ्यांनी कधीच नेला असणार. पंचवीस मिनिटं झाल्यावर गृहस्थ फरशा उचलून बघू लागले. मुलीने घड्याळ दाखवलं. त्यांनी तिथेच पायरीवर बसून नोंद लिहिली. मग दोघांनी 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत काहीतरी खाल्लं. वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर शोधाविषयी दोन ओळी आहेत, आणि मुलगी अकरावीला कुठली शाखा घेणार यावर पाऊण पान.

तारखांच्या तक्त्यात २९ फेब्रुवारीचा चौकोन त्यांचा रिकामा होता. तो भरण्यासाठी २०२८ मध्ये कुठे असायचं याचा बेत त्यांनी आधीच आखून ठेवला होता, रजेसकट. तो बेत रद्द करून तो चौकोन कायम रिकामा ठेवायचा, हे त्यांनी आपण होऊन सुचवलं. माझ्या दृष्टीने तो या प्रकरणातला वळणाचा दिवस.

कारखान्यातलं गणितही सुटायला हवं होतं, नाहीतर मोजायला दुसरं काहीतरी सापडलंच असतं. ते वरिष्ठांशी बोलले. पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन तपासणी करण्याचं काम त्यांनी मागून घेतलं. देवास, सांवेर, कधी धार. खुर्ची परत मिळाली नाही.

मध्ये एकदा घसरण झाली. जानेवारीत आईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. सकाळी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं काम गृहस्थांचं. सूचना बंद होत्या, पण त्यांनी पहाटे आपण होऊन नकाशा उघडला आणि महूच्या बाजूला नवा डबा दिसला. जाऊन येऊ, वेळ आहे, असं वाटलं. आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून दवाखान्याच्या ओसरीत दीड तास बसून राहिल्या. शेजारच्या बाईने त्यांना चहा आणून दिला. गृहस्थ पोचले तेव्हा त्यांनी रहदारीचं कारण सांगितलं नाही. गाडीत बसायच्या आधी सांगितलं, डबा शोधायला गेलो होतो. संध्याकाळी पत्नीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी मला फोन केला. डबा त्यांनाच सगळ्यात आधी सापडला होता. ती नोंद त्यांनी वेबसाइटवर टाकली नाही. घरात मोठं भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. मात्र या वेळी भांडण आईंना ताटकळत ठेवण्यावर झालं, खेळावर नाही. आई सुनेला म्हणाल्या, "आधीचा असता तर ट्रॅफिक म्हणाला असता." घसरण किती वेळा होते याहून ती किती लवकर उघड होते यावर माझं लक्ष असतं.

आता वर्ष होत आलं. बैठका दोन महिन्यांतून एकदा. त्यांचा एक डबा शहरातल्या एका मराठी वाचनालयात आहे, ग्रंथपालांच्या परवानगीने, कपाटाच्या खालच्या फळीवर. झाडणाऱ्यांपासून तिथे धोका नाही. वाचनालयात येणारी शाळकरी मुलं त्यातल्या वहीत नावं लिहून जातात. त्यांतल्या बहुतेकांनी हे अ‍ॅप बघितलेलंही नाही. गृहस्थ महिन्यातून एकदा कागद बदलायला जातात. काही रात्री अजून नकाशा उघडला जातो. एकूण आकडा किती झाला हे विचारलं तर ते सांगू शकतात, विसरलेले नाहीत. मुलगी कधी सोबत जाते, कधी नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या बाजूला न जाण्याचा नियम तिने घातला आहे आणि तो पाळला जातो. पत्नी अजून एकदाही सोबत गेलेली नाही. ती जाईलच असं मी धरून चालत नाही, आणि गृहस्थांनाही तिला आग्रह करू नका असं सांगितलं आहे.

ऑक्टोबरमध्ये कंपनी त्यांना तीन महिन्यांसाठी पुन्हा त्याच कारखान्यात पाठवते आहे. या बातमीने घर हादरलं. गेल्या बैठकीत तिघंही आले होते, आईसुद्धा. ठरलं ते असं : तिथे डबे शोधायचे, पण सलग दोन दिवस कधीच नाही, म्हणजे माळ सुरूच होणार नाही. वही सोबत न्यायची, आणि दर रविवारी त्यातलं एक पान फोनवर वाचून दाखवायचं. ही शेवटची अट पत्नीने घातली. मी तिला विचारलं, ही तपासणी आहे का? ती म्हणाली, "नाही. ती कॉफीची गोष्ट मला दीड वर्षाने कळली, तेही तुमच्यासमोर." परत आल्यावर पहिल्या आठवड्यात बैठक ठेवली आहे, आणि कारखान्यात परतल्यावर त्यांच्याकडे कोणतं काम असेल हे त्यांनी निघण्यापूर्वी वरिष्ठांकडून लेखी घ्यायचं आहे.